सरासरी ११३४, हेडर १२००, तरी सील पॉटचं पाणी बाहेर

ही केस आहे नायट्रोजनने भरलेलं व्हेसल (प्रेशरची बंद टाकी) रिकामं करण्याची, आणि ती माझ्या स्वतःच्या टेबलावरून गेलेली आहे, म्हणजे चुकीच्या कागदावर सही करणाऱ्यांत मीपण होतो, त्यामुळे कुणावर खापर फोडायला लिहीत नाहीये. आकडे गोल केलेत पण हिशोब खरा आहे, कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर जुळेल.

व्हेसलची मोकळी जागा ३० घनमीटर. दर काही दिवसांनी ते उघडायचं, आतले फिल्टर बदलायचे, बंद करायचं, नायट्रोजनने ७ बार गेजपर्यंत (गेज म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेलं प्रेशर) भरून लीक टेस्ट घ्यायची आणि मग ०.१ बार गेजपर्यंत खाली आणून पुढच्या कामाला द्यायचं. नायट्रोजनचा हेडर (मुख्य पुरवठा लाइन) ९ बार गेजचा. रिकामं करताना गॅस जातो कॉमन व्हेंट हेडरमध्ये, तिथून स्क्रबरला (गॅस धुऊन सोडणारं यंत्र). त्याच हेडरवर कमी प्रेशरच्या सॉल्व्हंट टाक्यांचे व्हेंटपण येऊन मिळतात आणि हेडरला संरक्षण म्हणून एक वॉटर सील पॉट आहे, पाण्यात १ मीटर बुडालेली नळी, म्हणजे हेडरमध्ये साधारण ९८ मिलीबार झाले की पाणी ढकललं जाऊन सील उडणार. हेडरची डिझाइन क्षमता ताशी १२०० किलो, आणि तेवढा फ्लो असताना आमच्या टाय-इन पॉइंटला (आमची लाइन हेडरला मिळते तिथे) बॅक प्रेशर, म्हणजे फ्लोमुळे मागे साचणारं प्रेशर, ४० मिलीबार. हे शेवटचे आकडे लक्षात ठेवा, गोष्ट तिथेच येऊन आपटते.

आधी भरायचं बघू, कारण चुकीचं बी तिथे पडलं आणि गंमत म्हणजे ते काम बरोबर झालं होतं.

एकूण गॅस किती लागतो हे काढायला काही डोकं लागत नाही. तापमान २७ डिग्री म्हणजे ३०० केल्विन, प्रेशर १ वरून ८ बार अॅब्सोल्यूट (म्हणजे गेज अधिक वातावरणाचा १ बार), फरक ७ बार, गुणिले ३० घनमीटर, भागिले नायट्रोजनचा गॅस कॉन्स्टंट २९६.८ गुणिले ३००. येतात २३६ किलो, किंवा १८९ नॉर्मल घनमीटर. इथे दोन गोष्टींवर लोक नेहमी घसरतात. एक, गेज आणि अॅब्सोल्यूट. फरक घेताना चालून जातं कारण दोन्हीकडचा १ बार उडून जातो, पण जिथे गुणोत्तर येतं किंवा चोक्ड फ्लो येतो तिथे गेज घातलंत की मेलात. दुसरं, नॉर्मल घनमीटर ० डिग्रीचा आणि स्टँडर्ड घनमीटर बहुतेक ठिकाणी १५ डिग्रीचा, फरक साडेपाच टक्के, आणि डेटाशीटवर नुसतं घनमीटर लिहिलेलं असलं तर फोन करून विचारा, अंदाज बांधू नका. मी तर सगळं किलोतच करतो, किलोला तापमान नसतं.

आता वेग. भरण्याच्या लाइनमध्ये १२ मिमीची ऑरिफिस प्लेट (मधोमध मोजकं भोक असलेली चकती) आहे. वरचं प्रेशर १० बार अॅब्सोल्यूट, आणि नायट्रोजनसाठी खालचं प्रेशर वरच्याच्या ०.५२८ पटीपेक्षा कमी असेल तोवर फ्लो चोक्ड असतो, म्हणजे भोकात ध्वनिवेग गाठलेला असतो आणि खाली काय चाललंय याची त्या गॅसला खबरच नसते. म्हणजे व्हेसल १ वरून ५.२८ बारपर्यंत येईस्तोवर फ्लो एकदम सपाट. पुढे कमी होतो खरा, पण ८ बारला पोचल्यावरसुद्धा तो चोक्ड फ्लोच्या ८२ टक्के असतो. २७ डिग्रीच्या नायट्रोजनसाठी मी एक घरगुती आकडा वहीत लिहून ठेवलाय: ताशी किलो बरोबर ०.८२६ गुणिले डिस्चार्ज कोएफिशियंट गुणिले भोकाचं क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये गुणिले वरचं प्रेशर बार अॅब्सोल्यूटमध्ये. कोएफिशियंट (आदर्श फ्लोच्या किती पट फ्लो भोकातून खरोखर जातो तो आकडा) ०.८४ धरला तर १२ मिमीमधून ताशी ७८५ किलो. २३६ किलोला नुसता भागाकार करून १८ मिनिटं, आणि शेवटची मंदी पकडून नीट इंटिग्रेट केलं तर साडेअठरा. फरक अडीच टक्के!

म्हणजे भरताना सरासरी फ्लो आणि जास्तीत जास्त फ्लो जवळपास एकच. एकूण किलो भागिले वेळ, संपला विषय. ज्याने हिशोबाची शीट बनवली त्याने हेच केलं, प्लेट बसली, घड्याळ लावलं, १७-१८ मिनिटांत भरलं, सगळे खूश, शीटवर विश्वास बसला.

(मध्येच एक सांगतो, लीक टेस्टवाल्यांना उपयोगी पडेल. पहिल्यांदा भरून व्हॉल्व्ह बंद केला आणि अर्ध्या तासात प्रेशर जवळजवळ अर्धा बार पडलं. झालं, धावपळ, सगळ्या फ्लँजना साबणाचं पाणी, एक बुडबुडा नाही. कारण लीक नव्हतंच. गॅस भरताना आतला गॅस दाबला जातो आणि तापतो. भिंतीला अजिबात उष्णता दिली नाही असं धरलं तर १ वरून ८ बारला आतला गॅस १२७ डिग्रीला जाईल. प्रत्यक्षात स्टीलची भिंत बरीच उष्णता खाते त्यामुळे तो ४५-५० डिग्रीच्या आसपास होता, आणि ३२० केल्विनचा गॅस ३०० वर आला की ८ बारचे ७.५ होतात. तेव्हापासून भरल्यावर तासभर थांबून, थोडं टॉप-अप करून मगच रीडिंग सुरू करतात, आणि प्रेशरसोबत तापमान लिहितात.)

आता रिकामं करायची लाइन. तीच शीट उघडली, २३६ किलो टाकले, वेळ १५ मिनिटं टाकली, आले ताशी ९४३ किलो. हेडर १२०० चा, म्हणजे आत. ८ बारला एवढा फ्लो द्यायला प्लेट येते १४.७ मिमीची, केली १५. त्यातून ८ बारला ताशी ९८१ किलो. अजूनही १२०० च्या आत. कागदावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मी दोन मिनिटांत सही केली.

पहिल्याच दिवशी शिफ्टवरून फोन. "साहेब, तुम्ही पंधरा मिनिटं म्हणाला होतात, अर्धा तास झाला, अजून गेजवर दिसतंय." एकूण लागली ३६ मिनिटं.

आणि इथे खरा मुद्दा आहे. भरताना भोकाच्या वरच्या बाजूला हेडर असतो, त्याचं प्रेशर हलत नाही. रिकामं करताना वरच्या बाजूला व्हेसल स्वतःच असतं, आणि जसजसा गॅस जातो तसतसं तेच प्रेशर पडतं, म्हणजे फ्लो स्वतःच स्वतःचा गळा आवळत जातो. भोक तेच, सूत्र तेच, पण एकात फ्लोची रेघ आडवी आणि दुसऱ्यात घसरगुंडी. ९८१ किलोचा फ्लो फक्त पहिल्या क्षणाला असतो, पुढच्या मिनिटाला तो कमी झालेलाच असतो.

हिशोब करायला सोपी पद्धत आहे. व्हेसलमध्ये सुरुवातीला किती गॅस आहे ते काढा, इथे ८ बार अॅब्सोल्यूटला २६९.५ किलो (२३६ नाही, पूर्ण साठा घ्यायचा). त्याला सुरुवातीच्या फ्लोने भागा, ०.२७२५ किलो दर सेकंदाला. येतात ९८९ सेकंद, साडेसोळा मिनिटं. ही त्या व्हेसल-भोक जोडीची टाइम कॉन्स्टंट, म्हणजे प्रेशर किती वेगाने पडेल याचं माप. तापमान स्थिर धरलं तर चोक्ड असेपर्यंत प्रेशर घातांकी पद्धतीने पडतं, म्हणून ८ वरून १.९२ बारपर्यंतचा वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट गुणिले ८ भागिले १.९२ चा नॅचरल लॉग, लॉग १.४३, वेळ साडेतेवीस मिनिटं. १.९२ कुठून आलं, तर वातावरणाचं प्रेशर भागिले ०.५२८, त्याच्या खाली फ्लो चोक्ड राहत नाही. त्यानंतरची शेपटी, १.९२ ते १.१, हिला मी तुकडे पाडून हाताने इंटिग्रेट केलं तर आली टाइम कॉन्स्टंटच्या ०.६५ पट, म्हणजे पावणेअकरा मिनिटं. एकूण ३४. प्रत्यक्ष ३६, कारण प्रेशर कमी झाल्यावर धारदार कडेच्या प्लेटचा कोएफिशियंटपण ०.८४ वरून खाली ०.६ च्या दिशेने सरकतो आणि शेपटी आणखी लांबते.

शेपटीत उरलेला गॅस एकूण साठ्याच्या दहाएक टक्केच, पण वेळ मात्र जवळपास एक तृतीयांश खाते. शिफ्टवाल्यांचा जीव तिथेच जातो. गेजची सुई खाली टेकल्यासारखी दिसते पण टेकत नाही.

तापमान स्थिर धरणं बरोबर का, असं कुणीतरी विचारणारच. रिकामं होताना आतला गॅस प्रसरण पावतो आणि थंड होतो. भिंतीकडून काहीच उष्णता मिळाली नाही असं टोक धरलं तर चोक्ड भागाचा वेळ टाइम कॉन्स्टंटच्या १.४३ ऐवजी १.१३ पट येतो, म्हणजे वीस टक्के कमी, आणि १.९२ बारला पोचेस्तोवर गॅस उणे ७३ डिग्री झालेला असतो. खरं उत्तर दोघांच्या मधे असतं. आमच्याकडे अर्ध्या तासाच्या हिशोबात थर्मोवेल (गॅसचं तापमान मोजायची नळी) २७ वरून ५-६ पर्यंत आलं, म्हणजे स्टीलने भरपूर उष्णता पुरवली आणि स्थिर तापमानाचा हिशोब जवळ बसला. पण पाच मिनिटांत मोकळं करायचं असेल तर असं धरू नका, आणि भिंतीचं मटेरियल किती थंड चालतं हेपण बघा. आणखी एक, लोक या थंडीला जूल-थॉमसन (भोकातून जाताना प्रेशर पडल्यामुळे गॅस थंड होणं) म्हणतात, ते नाही. नायट्रोजनचा तो परिणाम या भागात बारमागे साधारण ०.२ डिग्री, म्हणजे ७ बारला दीड डिग्री. थंडी येते ती व्हेसलमध्ये मागे राहिलेल्या गॅसला बाहेर जाणाऱ्या गॅसला ढकलावं लागतं त्याची.

बरं, गोष्ट पुढे. ३६ मिनिटं चालणार नाहीत असं ठरलं, कारण कागदावर १५ लिहिलंय. मग कुणीतरी वरचा हिशोब न करता सरळ प्लेट २५ मिमीची केली. बदलाच्या नोटमध्ये हिशोबपण जोडला होता, आणि तो चुकीचा नव्हता हेच दुखतं: १२.३ मिनिटांत ८ वरून १.१ बार, २३२ किलो, सरासरी ताशी ११३४ किलो, हेडर १२००, ठीक. त्यावरही माझी सही आहे.

२५ मिमीमधून ८ बारला पहिल्या क्षणाचा फ्लो ताशी २७२५ किलो.

आणि बॅक प्रेशर फ्लोच्या वर्गाने वाढतं. २७२५ भागिले १२००, त्याचा वर्ग ५.१६, गुणिले ४० मिलीबार, म्हणजे २०६. सील ९८ ला उडतं. व्हॉल्व्ह उघडल्यावर काही सेकंदांत सील पॉटचं पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर फेकलं गेलं आणि मग हेडर तिथे उघडाच राहिला. नुसता नायट्रोजन गेला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण हेडरमध्ये टाक्यांची सॉल्व्हंटची वाफ होती, ती खालच्या लेव्हलला आली आणि गॅस डिटेक्टर ओरडला. शिफ्टवाल्याने लगेच व्हॉल्व्ह बंद केला, पॉट परत भरला, कुणाला काही झालं नाही. तो म्हणाला लाइन शिट्टी मारत होती, आधी कधी अशी वाजली नव्हती. वाजणारच, प्लेटनंतरच्या २ इंची पाइपमध्ये वेग ध्वनिवेगाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास निघतो, १५ मिमीच्या प्लेटला तो सेकंदाला १००-११० मीटर होता.

नंतर हिशोब केला तर गंमत दिसली. २५ मिमीची टाइम कॉन्स्टंट पाच मिनिटं छप्पन सेकंद. सील उडवणारा फ्लो ताशी १८७८ किलो, म्हणजे फ्लो २७२५ वरून तिथे यायला सव्वादोन मिनिटं. म्हणजे पूर्ण बारा मिनिटांतली फक्त पहिली दोन-सव्वादोन मिनिटं वाईट होती, बाकीचा सगळा वेळ फ्लो सील उडवण्याच्या पातळीखाली राहिला असता. सरासरीत ती दोन मिनिटं विरघळून गेली.

मग बसून सगळ्यात आधी विचारलं, की हे १५ मिनिटं आलं कुठून? कुणालाच सांगता येईना. शेवटी जुन्या कागदांत सापडलं, एपीआय ५२१ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं प्रेशर रिलीफचं मानक) मधला आग लागल्यावरच्या डिप्रेशरायझिंगचा (प्रेशर उतरवण्याचा) निकष कुणीतरी उचलला होता, १५ मिनिटांत डिझाइन प्रेशरच्या निम्म्यावर आणायचा तो. तो आगीत भिंत मऊ होऊन फुटू नये म्हणून आहे, आणि तोसुद्धा निम्म्यावर आणायचा, शून्यावर नाही! इथे रोजचं नायट्रोजनचं काम, आग नाही काही नाही. आणि ऑपरेशनला विचारलं तर पुढचं सेक्शन तयार व्हायला ४० मिनिटं लागतातच. २५ मिनिटांत झालं तर चालेल का? चालेल की, म्हणाले, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

मग दोन फांद्या केल्या, १५ मिमीची प्लेट एका फांदीत, २५ ची दुसरीत, दोन्हींवर ऑन-ऑफ व्हॉल्व्ह. आधी १५ ची उघडायची, आणि प्रेशर पुरेसं पडल्यावरच २५ ची उघडू द्यायची. किती पडल्यावर? मी काढलं, २५ मिमीमधून ताशी ११०० किलो जायला ३.२ बार अॅब्सोल्यूट लागतं, म्हणून २.२ बार गेजला परवानगी. हे लॉजिकच्या कागदावर चढलं आणि मग रात्री जेवताना आठवलं की १५ ची फांदी उघडीच आहे ना! दोन्ही मिळून त्याच प्रेशरला १४८० च्या वर. पुन्हा तेच करून बसलो असतो.

दोन पर्याय होते. एक, दुसरी उघडायच्या आधी पहिली बंद करायची, ३.२ बारपर्यंत पंधरा मिनिटं, पुढे सात, एकूण २२. दुसरा, पहिली तशीच उघडी ठेवायची पण परवानगी २.३ बार अॅब्सोल्यूटला द्यायची, तेव्हा दोन्ही मिळून ताशी १०६५ किलो, पहिला टप्पा वीस-साडेवीस मिनिटं, दुसरा साडेतीन, एकूण २४. दोन मिनिटांसाठी एक जास्तीची सिक्वेन्स स्टेप आणि ती चुकायची शक्यता कशाला घ्यायची, म्हणून दुसरा घेतला. परवानगी एका प्रेशर ट्रान्समीटरवर ठेवली नाही, दोन घेतले आणि दोघांनी कमी दाखवलं तरच व्हॉल्व्ह उघडतो, कारण एकच असता आणि त्याची इम्पल्स लाइन (त्याच्यापर्यंत प्रेशर नेणारी बारीक नळी) बंद होऊन तो शून्याला चिकटला असता तर ८ बारला दोन्ही फांद्या उघडल्या असत्या, ३७०० किलो. सील पॉटला लो लेव्हल अलार्मपण तेव्हाच बसवला, तो खरंतर पहिल्यापासून हवा होता.

कंट्रोल व्हॉल्व्ह टाकून फ्लो सपाट का नाही ठेवला, असं विचाराल. ठेवता आला असता, ११०० वर धरला तर तेरा मिनिटांत बराचसा गॅस जातो, पण शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की शेपटी परत आलीच, आणि तो अडकून उघडा राहिला तर काय हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवायचा. वेळेची घाई नव्हती. घाई असती तर तोच घेतला असता.

हा सगळा हिशोब नायट्रोजनचा आहे. हलका गॅस असेल तर टाइम कॉन्स्टंट रेणुभाराच्या वर्गमुळाने कमी होते, हेच व्हेसल हायड्रोजनने भरलेलं असतं तर त्याच १५ मिमीमधून ३४ ऐवजी नऊएक मिनिटांत मोकळं झालं असतं. किलो कमी जातात पण घनमीटर पावणेचार पट वेगाने, तेव्हा हेडरचा हिशोब नव्याने करा, हा आकडा उचलू नका.

नव्या व्यवस्थेत पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी हेडरच्या प्रेशरचा ट्रेंड समोर लावून बसलो होतो. सुरुवातीला २७-२८ मिलीबारचा उंचवटा, मग हळूहळू उतार, एकविसाव्या मिनिटाला दुसरा व्हॉल्व्ह उघडला तसा परत ३२ चा उंचवटा आणि मग शेपटी. सव्वीस मिनिटांना ०.१ बार गेज. शिफ्टवाल्याने विचारलं, "साहेब, दुसरा उंचवटा पहिल्यापेक्षा मोठा का?" त्याला १०६५ आणि ९८१ दाखवले.